अकरा तुकडे कमी

येत्या रविवारी आमच्या मंडळाचा खो-खोचा साखळी सामना आहे आणि आपण जिंकणार की हरणार, हे सगळं मॅटवर आहे. खेळाडूंची काळजी नाही. धाराशिव जिल्ह्यात खो-खोला पोरं कमी पडली, असं कधी होत नाही. खांब नसले तर दोन बाभळी बघतात आणि मधे उकिडवी बसतात.

काळजी मॅटची. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. मीटरभराचा चौकोनी तुकडा धरला तर 432 तुकडे एकमेकांत अडकवावे लागतात. आमच्याकडे 421 आहेत. मॅट आली तेव्हा 432 होते, कारण पावतीवर अध्यक्षांची सही आहे, आणि अध्यक्ष मोजल्याशिवाय सही करत नाहीत. असं अध्यक्षच सांगतात.

अकरा तुकडे गेले कुठं, हे शोधायला तिघांची समिती नेमली. तिघांपैकी दोघांच्या घरीच एकेक तुकडा निघाला, त्यामुळे कामाला सुरुवात चांगली झाली. एक खजिनदारांच्या वॉशिंग मशीनखाली. कपडे पिळताना ते मशीन मोरीपर्यंत चालत यायचं, आता जागा सोडत नाही. दुसरा सचिवांच्या नातवाच्या पाळण्याखाली. पोरगं अजून रांगतसुद्धा नाही, पण पुढं खेळाडू होणार असल्यामुळे सवय लागावी, असा हेतू. तिसरा सलूनमध्ये, दिवसभर उभं राहून टाचा दुखतात म्हणून. चौथा एका बुलेटच्या स्टँडखाली. पाचवा भजनी मंडळाकडं, पखवाज ठेवायला. त्यावर कोणी बोलायचं नाही, देवाचं काम आहे. सहावा व्यालेल्या शेळीखाली अंथरलाय. शेळी अस्सल उस्मानाबादी. 2023 साली जिल्ह्याचं नाव बदललं, तिचं बदलायचं राहून गेलं. पण मॅट मिळाल्यापासून तिची काही तक्रार नाही. सातवा आणि आठवा एका कार्यालयात, साहेबांच्या खुर्चीखाली जोडून, फरशीवर चाकांचे ओरखडे उठतात म्हणून. नववा आणि दहावा कुणाकडं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे अहवालात घेतले नाहीत. अकरावा खरोखरच सापडेना. समितीनं शेवटी शिफारस केली की तुकडे परत मागू नयेत, कारण ते ‘नियमित वापरात’ आहेत. खरंच आहे ते. उरलेले 421 वर्षभर खोलीत कुलूप लावून रचून ठेवलेले असतात, त्यांच्याबद्दल असं कुणाला म्हणता येणार नाही.

बरं, अकरा तुकडे कमी आहेत तर मॅट जरा आखूड अंथरावी. पण आखूड अंथरली तर स्टेजवरून ते दिसतं. म्हणून कडा पुऱ्या ठेवायच्या आणि भोकं आत, विखरून सोडायची, असा ठराव झाला. आता ज्यांना खेळ ठाऊक आहे त्यांच्या ध्यानात आलं असेल. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला मागं वळता येत नाही, आणि बसलेल्या आठ जणांच्या मधून पलीकडंही जाता येत नाही. पळणाऱ्याला यातलं एकही बंधन नाही. म्हणजे भोक समोर आलं तर पळणारा वळसा घालतो आणि पाठलागवाल्याला उडी मारावी लागते. आमच्या सरांनी यावर जे डोकं चालवलं त्याला तोड नाही. त्यांनी प्रत्येक भोकाला नाव दिलं. जो तुकडा जिथं गेला, त्याचं नाव. त्यामुळे सामना रंगात आला की बाहेरून आरोळ्या येतात, ‘सलून सोड, सलून सोड! शेळीवरनं घे!’ पाहुण्या संघाला वाटतं ही काहीतरी नवी चाल आहे, त्यांचा कर्णधार दचकून इकडंतिकडं शेळी शोधतो, आणि तेवढ्यात आमचं पोरगं बुलेट ओलांडून, सचिवांना वळसा घालून, साहेबांच्या दोन्ही तुकड्यांवरून एका उडीत पार होऊन गडी बाद करतं. घरच्या मैदानावर आमचा संघ हरत नाही तो यामुळे. मैदान म्हणजे आमच्या कार्यकारिणीचा नकाशाच आहे, आणि पोरांना तो पाठ आहे.

अडचण एवढीच की रविवारचा सामना परगावी आहे. तिथली मॅट अखंड आहे, असं ऐकतो. मागं एका शिबिरात आमची पोरं अखंड मॅटवर खेळली होती, तेव्हा जे झालं ते बघवत नव्हतं. आमचा सगळ्यात वेगवान गडी भरधाव निघाला, पळणारा हातभर अंतरावर, आणि शेळीची जागा येताच यानं हवेत झेप घेतली. खाली मॅटच होती. हा जमिनीवर टेकेपर्यंत पळणारा खांबाला वळसा घालून पलीकडं उभा. पंचांनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, ‘पोराला काही आजार आहे का?’

घरचे सामने सोडले तर मॅट वर्षातून एकदा बाहेर निघते, उद्घाटनाला. त्या दिवशी पोरांना बजावून सांगतात, बूट काढा रे, मॅट खराब होईल. मग पाहुणे येतात. पाहुणे बूट घालून मॅटवर, पाहुण्यांचे पाहुणे चपला घालून मॅटवर, फोटोवाला तर चिखलाचे बूट घालून मॅटवर. नारळ फोडतात तोही मॅटवर, आणि ते पाणी पुसायला अनवाणी पोरांनाच बोलावतात.

आणि मुली? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या रात्री आमच्या चौकात फटाके उडवले ते खजिनदारांनी आणि सचिवांनी. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या मुली नेहमीसारख्या मुरमावर सरावाला. मुरमावर सूर मारला की खडे गुडघ्यात रुततात. ते टाचणीनं काढावे लागतात, आणि ते काम घरी आईला करावं लागतं, स्वयंपाक बाजूला ठेवून. एका आईनं मंडळात येऊन विचारलं, ‘आप्पा, आठवड्यातनं दोन दिस तरी मॅट द्या की पोरींना.’ अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, मॅट लाखामोलाची वस्तू आहे, झिजली तर परत कोण देणार?’ अहो, मग गुडघा कोण देणार? की त्याचाही प्रस्ताव तीन प्रतींत पाठवायचा? ह्याच पोरी उद्या राज्य खेळून आल्या, पाच टक्के आरक्षणातून पोलिसात लागल्या, की ह्याच आप्पांचा फोटो फ्लेक्सवर त्यांच्या डोक्याच्या दुप्पट असणार, आणि खाली लिहिलेलं असणार, ‘मार्गदर्शक’. कसलं मार्गदर्शन? कुलूप लावण्याचं? चिडू नये म्हणतात. वर्तमानपत्रात तर अजिबात चिडू नये.

तर रविवारचा अंदाज. परवा कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. पोरांना एकदा सगळे तुकडे जोडून सराव द्यावा, अशी सूचना सरांनी केली. ती कुणी वाचलीही नाही. त्याऐवजी यजमान मंडळाला पत्र गेलं: दोन्ही संघांना समान संधी मिळावी म्हणून आपण आपल्या मॅटचे अकरा तुकडे सामन्यापुरते काढून ठेवावेत, जागा आम्ही दाखवू.

काल उत्तर आलं. यजमान लिहितात की विनंती रास्त आहे, पण त्यांच्याकडं मुळातच चौदा कमी आहेत. कुठले, त्याचा नकाशा अर्ज केल्यास सामन्यानंतर मिळेल.