चारही चाकांचे शेठ

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी बाळगणारे अनेक तऱ्हांचे लोक आहेत. त्यांतले अभ्यासाला सर्वांत सोयीचे म्हणजे लघुउद्योजक शेठ. शेठ मूळचे टर्नर. आयटीआय करून कंपनीत लागले, पुढे भोसरी एमआयडीसीत एक जुने लेथ घेऊन बाहेर पडले, आणि आता निघोजेतल्या शेडमध्ये त्यांची सीएनसी मशिने दोन पाळ्यांत चालतात. तिथे होणारा बुश चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे जातो. बुशाच्या व्यासात पंधरा मायक्रॉनची सूट आहे. सोळा झाले की लॉट परत येतो, मागोमाग डेबिट नोट येते, आणि त्या दिवशी शेठना जेवण जात नाही. मिलिमीटर हे माप त्यांच्या लेखी कोसासारखे ढोबळ आहे. एवढे आधी सांगण्याचे कारण असे, की त्यांच्या गाडीच्या टायरांचा सगळा मामला मिलिमीटरांचाच आहे.

चारही चाकांना जोर देणारी गाडी या भागाला नवी नाही. टेल्कोची सफारी 1998 मध्ये आली तेव्हाच तिला फोर-बाय-फोरचा पर्याय होता (कंपनीचे नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झाले, तरी पिंपरीत ती अजून टेल्कोच आहे). मर्सिडीज पिंपरीतून 2009 मध्ये चाकणला गेली. महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यातून 2011 मध्ये एक्सयूव्ही 500 बाहेर पडली, 2021 मध्ये एक्सयूव्ही 700, आणि ‘एडब्ल्यूडी’ ही तीन अक्षरे डिकीच्या दारावर मिरवण्याची सोय साध्या मराठी माणसाला झाली.

शेठ गाडी घेण्याची कारणे तीन सांगतात : गावच्या शेताचा रस्ता, ताम्हिणीतला पाऊस आणि कोकण. शेतापर्यंत आता सिमेंटचा रस्ता झाला आहे. ताम्हिणीत वर्षातून एकदा जाणे होते आणि तिथेही गाडी डांबर सोडत नाही. उरलेले सगळे किलोमीटर निगडी प्राधिकरणातल्या घरापासून शेडपर्यंतचे. स्पाइन रोड, मोशीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी फाटा असे सरकताना आपल्या किती चाकांना जोर मिळतो हा प्रश्न निव्वळ तात्त्विक उरतो; पुढचा कंटेनर हलला तरच मागचे हलतात. खरे कारण चौथे आहे आणि ते पाहुण्यांना बॉनेट उघडून सांगितले जाते : या गाडीत कुठेतरी, नेमके कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, शेठच्या हातचा बुश आहे.

गाडी ताब्यात घेताना शोरूममध्ये चारही चाकांखाली लिंबे ठेवतात. चारही चाकांना सारखी वागणूक मिळण्याचा तो शेवटचा प्रसंग.

येथे यंत्राची थोडी माहिती आवश्यक आहे. वळणावर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्याला जास्त अंतर कापावे लागते. हा फरक जिरवण्यासाठी दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असते. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा अॅक्सलही एकमेकांशी जोडलेले असतात. ही जोडणी कुठे तिसऱ्या डिफरन्शियलची असते, तर आजच्या बऱ्याच गाड्यांत तेलात बुडालेल्या क्लच-प्लेटांची. पुढचे चाक चिखलात घसरू लागले की संगणक प्लेटा आवळतो आणि मागची चाके ओढू लागतात. हे काम क्षणा-दोन क्षणांचे आहे, अशी प्लेटांची समजूत असते. टायर लहानमोठे असले, की सरळ सपाट रस्त्यावरही चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि गाडीला वाटते आपण कायमच वळणावर किंवा चिखलात आहोत.

फरक किती पडतो याचा हिशेब शेठच्या ऑफिसातल्या फळ्यावर दोन मिनिटांत होण्यासारखा आहे. 235/60 आर18 मापाच्या नव्या टायरचा घेर साधारण 2 मीटर 32 सेंटिमीटर. नव्याची नक्षी आठ मिलिमीटर खोल धरली आणि जुन्याची झिजून चारवर आली असेल, तर जुन्याचा घेर अडीच सेंटिमीटरने कमी भरतो. म्हणजे दर किलोमीटरला जुने चाक चार-पाच फेरे जास्त मारते. किवळ्याहून कळंबोलीपर्यंतच्या 94.5 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गावर हे जादा फेरे चारशेच्या वर जातात. नवा टायर एकच असेल तर फरकाचा बराचसा भार त्या अॅक्सलच्या डिफरन्शियलवर पडतो. नव्यांची जोडी एकाच अॅक्सलवर बसवली तर तो पुरताच मधल्या जोडणीवर येतो : तेल तापते, प्लेटा झिजतात, कधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. म्हणून चारही टायर एका मापाचे, एका कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले असावेत असे गाडीबरोबरच्या पुस्तकात सांगितलेले असते. खोलीतला फरक किती चालेल हे कंपनीगणिक बदलते. बहुतेकांची मर्यादा दोन-तीन मिलिमीटरांच्या पलीकडे जात नाही. ते पुस्तक शेठच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, शोरूमने दिले तसे सुखरूप आहे.

औद्योगिक वसाहतीत टायर म्हातारपणाने मरत नाही. स्क्रॅपच्या टेम्पोतून सांडलेल्या, लेथवर निघालेल्या कुरळ्या धारदार पट्ट्या, पॅलेटचे खिळे, आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा यांपैकी एकाने त्याचा शेवट होतो. मधल्या पट्ट्यात खिळा गेला तर पंक्चर निघते. बाजूची भिंत कापली तर निघत नाही. शेठच्या डाव्या बाजूच्या मागच्या टायरची भिंत कापली जाते, आणि टायरच्या दुकानात पुढील संवाद होतो.

“शेठ, साइडवॉल गेलीय. बदलावाच लागंल.”

“मग बदल की एक.”

“बाकीचे तीन अर्ध्यावर आलेत. ऑल-व्हीलला चारी सारखे लागतात. पुस्तकात बघा.”

“तुला चार खपवायचेत म्हणून पुस्तक आठवलं होय?”

शेठ स्वतः पुरवठादार आहेत, त्यामुळे पुरवठादार काय काय सांगतो हे त्यांना पुरते ठाऊक आहे. शिवाय आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाच्या क्वालिटी इंजिनिअरपुढे हात जोडून एकच गोष्ट मागितली आहे : माल थोडा मापाबाहेर आहे, पण चालेल, एवढा लॉट डेव्हिएशनवर घ्या. आज प्रथमच गिऱ्हाईक ते स्वतः आहेत. ते तीन जुन्या टायरांवरून हात फिरवतात आणि अत्यंत उदारपणे म्हणतात, “राहू दे. डेव्हिएशनवर चालवू.” खिशात डिजिटल व्हर्नियर असते. त्याच्या मागून निघणारी बारीक पट्टी नक्षीची खोली मोजण्यासाठीच जणू केलेली आहे. ती बाहेर येत नाही.

दुकानदाराचे म्हणणे मात्र खरे असते, निदान या खेपेला. तीन टायर जवळजवळ नवे असते तर एकट्याने भागले असते. अमेरिकेत नवा टायर यंत्रावर घासून जुन्यांच्या मापाला आणून देणारे विक्रेते आहेत; पैसे देऊन घेतलेले रबर पुन्हा पैसे देऊन काढून टाकणे ही कल्पना भोसरीत मांडण्याचे धाडस अजून कुणी केलेले नाही. सर्वांत स्वस्त उपाय डिकीत पडून असतो. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर तिलाही पहिल्यापासून फेरपालटात घ्यावे, म्हणजे पाचही टायर सारखे झिजतात आणि एक गेला तर जोडीदार तयार असतो. शेठच्या स्टेपनीवर साच्यातून निघतानाचे रबराचे केससुद्धा शाबूत आहेत. पुष्कळ गाड्यांना अरुंद स्टेपनी मिळते, ती फक्त दुकान गाठण्यापुरती. काहींना तीही नसते : टायरमधली हवा मोजणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच दिला असेल तर 3.5 टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सवलत 2020 मध्ये केंद्र सरकारने दिली.

फेरपालट दर आठ-दहा हजार किलोमीटरला करायचा असतो. शेठच्या शेडमध्ये प्रत्येक मशिनवर देखभालीचा तक्ता टांगलेला आहे, ऑडिटरसाठी त्यावर तारखा आणि सह्या आहेत, काही सह्या पुढच्या महिन्याच्याही आहेत. गाडीला ऑडिटर नाही. हवेच्या बाबतीत मात्र शेठ काटेकोर असतात, म्हणजे पैसे देऊन नायट्रोजन भरतात. फुकटच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. ते उरलेल्या 22 टक्क्यांचा बंदोबस्त करतात. किती भरायचे हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेले असते आणि ते टायर थंड असताना मोजायचे असते. शेठ महामार्गावरून तापलेल्या टायरांनी पंपावर येतात आणि काचेतून न बघता “पस्तीस टाक” म्हणतात.

शेठच्या समजुतींपैकी एक धोक्याची आहे. चारही चाके ओढतात म्हणून पावसात गाडी लवकर थांबते, असे ते मानतात. जोर चार चाकांना असला तरी तो निघण्याच्या कामाचा. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबणे टायरच्या नक्षीवर अवलंबून आहे. कायद्याने ती किमान 1.6 मिलिमीटर लागते आणि तिथवर आल्याची खूण टायरच्या खाचांतच उंचवट्याच्या रूपाने दिलेली असते. गोटा झालेल्या टायरांवर चारही चाके सारखीच घसरतात.

शेठचे चिरंजीव हा याच घराण्यातला पोटप्रकार. त्यांच्याकडे गिअरजवळ दुसरा दांडा असलेली पार्ट-टाइम फोर-बाय-फोर असते, आणि तिला कंपनीच्या मापापेक्षा मोठे, चिखलासाठीचे ढेकळी नक्षीचे टायर. या टायरांचा घेर मोठा असल्याने स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, आणि घोंगावण्याचा आवाज चिरंजीवांच्या आधी सोसायटीच्या गेटवर पोचतो. अशा गाडीत मधले डिफरन्शियल नसते. फोर-एच लावला की पुढचा-मागचा शाफ्ट पक्के बांधले जातात, म्हणून तो सैल मातीवर किंवा चिखलातच लावायचा. कोरड्या डांबरावर वळताना चाकांना घसरायला वाव मिळत नाही, स्टिअरिंग जड होते आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो. चिरंजीव फोर-एच लावतात तो आकुर्डीतल्या मॉलच्या पार्किंगमध्ये, कारण तिथे बघायला माणसे असतात.

एक-एक करून बदललेल्या टायरांची गाडी सहाव्या वर्षी विकायला निघते. जुन्या गाड्यांचा दलाल बॉनेट उघडत नाही, बुशाची हकिकत ऐकत नाही. तो उकिडवा बसून चारही टायरांच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचतो. त्यांतले पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चार टायरांवर चार वेगळी वर्षे निघतात. मग तो गाडी जागच्या जागी पुरे स्टिअरिंग वळवून फिरवतो, खालून येणारा कडकड आवाज शेठना ऐकवतो आणि ठरलेल्या किमतीतून चार टायर व मधली जोडणी एवढी रक्कम वजा करतो. शेठ त्याला सांगून पाहतात, की एवढे डेव्हिएशनवर घ्या. दलाल पूर्वी एका कंपनीत क्वालिटीला होता.