वर्ल्डकॉन आपल्या शहरी आणू इच्छिणाऱ्यांस सूचना

लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून. आणि एवढे करूनही हौस उरली असेल, तर जागतिक विज्ञानकथा संमेलन, म्हणजेच वर्ल्डकॉन, आपल्या शहरासाठी मागावे. 1939 साली न्यूयॉर्कला सुरू झालेले हे संमेलन गावोगाव फिरते. विज्ञानकथेचे ह्युगो पुरस्कार तिथेच देतात. राबणाऱ्यांना पगार नाही. तरीही यजमानपदासाठी शहरे हिरिरीने भांडतात. इच्छुकांनी पुढील क्रम पाळावा.

1. आधी नकाशा पाहावा. यजमान दोन वर्षे आधी, त्या वर्षीच्या वर्ल्डकॉनमध्ये मतदानाने ठरतो. मतदानाच्या जागेपासून 500 मैलांच्या आतल्या शहराला उभे राहता येत नाही. शेजाऱ्यांनी वर्षभर कळ काढावी.

2. मग खाऊ घालावे. जिथे चाहते जमतील तिथे हॉटेलात खोली घेऊन बिड पार्टी, म्हणजे यजमानपदाच्या दाव्याची मेजवानी, द्यावी. बाथटबमध्ये बर्फ, बर्फात बाटल्या, पलंगावर कोटांचा ढीग आणि दाराशी पूर्वनोंदणीचे पैसे घेणारा हसरा माणूस. पाहुणा तिसरे सँडविच उचलता उचलता विचारील, "हॉटेलपासून सभागृह किती लांब?" उत्तर तोंडपाठ हवे. ताऱ्यांमधल्या अंतराबाबत हा वाचक लेखकाला सूट देतो. पायी चालायच्या अंतराबाबत कोणालाच नाही.

3. मतदार जपावा. त्याने चालू संमेलनाचे सभासद व्हायचे, वर मतदानाचे वेगळे शुल्क भरायचे. त्या शुल्कात तो विजेत्या शहराच्या संमेलनाचा सभासद होतो, मत कोणालाही दिलेले असो. म्हणजे जिंकलात, तर विरोधकांची सरबराईही तुमच्याच गळ्यात. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो आणि 'नोटा'चीही सोय असते. नोटा जिंकला, तर निर्णय संमेलनातल्या सभासदांच्या कामकाज सभेकडे जातो. तिथे नियमांवर वाद घालणे हाच अनेकांचा आवडता कार्यक्रम.

4. पत्ता पूर्ण लिहून घ्यावा. 2023 साठी चेंगडूला 2,006 आणि विनिपेगला 807 मते पडली. चेंगडूच्या बऱ्याच मतपत्रिकांवर ईमेल होता, घरचा पत्ता नव्हता. त्यावरून कामकाज सभेत खल झाला, ठरावही झाला. पण तो बंधनकारक नव्हता. मते धरली गेली, चेंगडू जिंकले.

5. हरल्यास रुसू नये. 2015 चा मान हेलसिंकीच्या हातून अवघ्या 35 मतांनी निसटला आणि स्पोकेनला गेला. एका एसटीत मावतील एवढीच ही माणसे! हेलसिंकीकर त्याच स्पोकेनच्या संमेलनात पुन्हा उभे राहिले, वॉशिंग्टन, मॉन्ट्रियल आणि जपानच्या शिझुओकाला हरवून 2017 घेऊन गेले.

6. वरील पाचही सूचना जड वाटल्यास मिनियापोलिसचा कित्ता गिरवावा. 1973 चे संमेलन टोरंटोला भरले, संपले. 'मिनियापोलिस 73' चा दावा मात्र पुढे कित्येक वर्षे पार्ट्या देत राहिला. जाणत्या उमेदवाराने होऊन गेलेले वर्षच मागावे. त्याला प्रतिस्पर्धी नसतो, सभागृहाची अनामत भरावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे निवडून येण्याचा धोका नसतो.