चीट डेचे व्रत: संकल्प, विधी आणि पारणे

हे व्रत कोणीही करावे. सहा दिवस दुधीची भाजी, मोडाची मटकी आणि बिनसाखरेच्या चहावर काढावेत. सातव्या दिवशी मनसोक्त जेवावे. टिम फेरिस या अमेरिकी लेखकाने २०१० साली ‘द फोर-अवर बॉडी’ या पुस्तकात असा आठवड्याचा एक मोकळा दिवस सांगितला आणि जगभरच्या जिमवाल्यांनी तो शिरोधार्य मानला.

महाराष्ट्राला यात नवे काही वाटू नये. इथे उपासालाच खिचडी असते. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. जुन्या शास्त्रकारांना त्यांचा पत्ताच नव्हता, त्यामुळे ती वर्ज्य ठरवायची राहून गेली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरून कूट आणि तूप. म्हणजे महिन्याचे दोन चीट डे एकादशीच्या नावावर आधीच जमा आहेत.

संकल्प. व्रताचा वार ठरवण्यापूर्वी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून वाचावे. संक्रांतीची गूळपोळी, होळीची पुरणपोळी, पाडव्याचे श्रीखंड, मे महिन्याचा आमरस, गणपतीचे मोदक, कोजागरीचे दूध, दिवाळीचा फराळ. शिवाय लग्ने, मुंजी, बारशी आणि ऑफिसातल्या कुणाच्या तरी बढतीचे पेढे. एवढे सगळे सांभाळून जो वर आणखी रविवार मागतो, त्याच्या हिशेबात सुटीचे दिवस जास्त आणि डाएटचे कमी भरतात. अशा साधकाने सणालाच चीट डे मानावे आणि रविवारी आमटी-भात खावा. हे कुणी ऐकत नाही, पण विधीत लिहून ठेवलेले बरे.

रविवारच हवा असेल, तर कागद-पेन्सिल घ्यावी. रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर सहा दिवसांत ३,००० ची बचत होते. आता रविवार: सकाळी मिसळ आणि चार पाव, दुपारी श्रीखंड-पुरी, संध्याकाळी दोन वडापाव, रात्री ‘एवढं खाल्लंच आहे तर’ म्हणून मस्तानी. बेरीज सहज साडेतीन हजारांच्या घरात जाते. माणसाची दिवसाची गरज २,००० धरली, तर निम्मी बचत एका दिवसात उडाली. तरीही निम्मी उरतेच, म्हणून व्रत पूर्णपणे निष्फळ म्हणता येत नाही. मात्र बहुतेकांचा रविवार शुक्रवारी रात्रीच सुरू होतो. तिथे पेन्सिल खाली ठेवावी.

सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभे राहू नये. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि त्याच्या दर ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्यात फरसाण-लोणच्याचे मीठ. काटा किलो-दीड किलोने वर जातो, तो बहुतांशी पाण्याने. चरबी एका रात्रीत एवढी चढत नाही: किलोभर चरबीला साधारण ७,७०० जादा कॅलरी लागतात, आणि तेवढे खाणारा सहसा काट्यापर्यंत चालत येत नाही.

व्रतभंगाचा खरा धोका पोटापेक्षा मनातच अधिक. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधकाने पाठ करावा. काही जणींना आधी मिल्कशेक दिला, मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवले आणि चव सांगा म्हटले. एरवी मनमोकळे खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्ले. आता मोडलेच आहे, तर मोडू दे पुरते! एका करंजीपायी दिवाळीचा अख्खा डबा संपतो, तो याच न्यायाने. म्हणून आगाऊ ठरवलेले एक ताट चालते. ‘फसवणूक’ म्हणून चोरून खाल्लेले अर्धे ताटही महागात पडते.

पुरावा मागणाऱ्या नास्तिकांसाठी ऑस्ट्रेलियातला ‘मॅटाडोर’ अभ्यास आहे. लठ्ठ पुरुषांपैकी एका गटाला सलग डाएट, दुसऱ्याला दोन आठवडे डाएट आणि दोन आठवडे विश्रांती. विश्रांतीवाल्यांचे वजन अधिक घटले. ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधी पुढचे वाक्य वाचावे: विश्रांतीतही त्यांना गरजेइतकेच, मोजून अन्न मिळत होते. मस्तानीचा उल्लेख कुठेही नाही.

पारणे. एकच जेवण निवडावे, अख्खा दिवस नव्हे. ते घरच्यांबरोबर, बसून, टीव्ही बंद करून जेवावे. आदल्या जेवणाला उपाशी राहून जागा करू नये; तशा भुकेने आलेला माणूस पहिल्या पुरीलाच विधी विसरतो. उरलेले श्रीखंड त्याच रात्री शेजारी पोहोचवावे. शेजारीही डाएटवर असल्यास त्यांचा वार आधी विचारून घ्यावा.