सोलरकाका

शंभराच्या वर फ्लॅट असलेल्या कुठल्याही सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर असतो आणि त्याला ऊन वाया गेलेलं बघवत नाही. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हे पद सोलरकाकांकडे आहे. पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्स खात्यात हयात गेली, त्यामुळे बंद पडलेल्या वस्तूवर त्यांचा जीव आणि नीट चालणाऱ्या वस्तूवर संशय. गॅलरीत सोलर कुकर आहे. त्यात वरणभात शिजायला तीन तास लागतात, म्हणून त्यांच्याकडे जेवणाची वेळ ढग ठरवतात. काकूंनी आत गुपचूप गॅस पेटवला तर शिटी वाजते आणि पकडल्या जातात.

सोसायटीने ज्येष्ठांना गेटपासून शेवटच्या विंगपर्यंत नेण्यासाठी सहा आसनी गोल्फ कार्ट घेतली. आमच्याकडे गोल्फ कोणी खेळत नाही, कॅरमलाच माणसं जमत नाहीत. कार्ट आली, नारळ फुटला, पेढे वाटले. काका मात्र पेढा हातात धरून छपराकडे बघत होते.

‘‘एवढं मोठं छप्पर, आणि नुसती सावली पाडतंय!’’

पुढच्या मीटिंगला आराखडा हजर. आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, अठ्ठेचाळीस व्होल्टचा संच, वर ५४० वॉटचं पॅनेल. पॅनेलचं वजन अठ्ठावीस किलो, त्यासाठी खाली अॅल्युमिनिअमची फ्रेम. कमिटीने लगेच मंजुरी दिली, कारण नाही म्हटलं असतं तर काकांनी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं असतं.

पॅनेल चढलं, वायरी जोडल्या, ऊन रणरणत होतं, पण बॅटरीत काही जाईना. पॅनेलचा दाब चाळीस-एक व्होल्ट आणि त्या बॅटऱ्या पुऱ्या भरायला लागतात अठ्ठावन्नच्या आसपास. दुकानदाराने दिलेला कंट्रोलर दाब उतरवणारा, इथे हवा होता चढवणारा, बूस्टचा. दुसऱ्या कोणी तो मुकाट्याने बदलून आणला असता. काकांनी दुकानदाराला त्याच्याच स्टुलावर बसवलं, त्याच्याच बिलबुकाच्या पाठीवर आकृती काढली, दोन प्रश्न विचारले, उत्तरं तपासली आणि मगच कंट्रोलर बदलून घेतला.

खरी लढाई पुढे होती, ती पार्किंगची. ड्रायव्हर फेऱ्यांच्या मधल्या वेळात कार्ट गुलमोहराखाली लावायचा. पॅनेलमधले सेल ओळीने जोडलेले असतात, एकावर सावली पडली की अख्खी ओळ अडते. काकांना हे तिसऱ्या मजल्यावरून दिसायचं.

‘‘अरे, सावलीत का लावलीस?’’

‘‘साहेब, सीट तापते. मघाशी बी विंगच्या आजी बसल्या आणि बसल्या तशाच उठल्या.’’

‘‘मग घोंगडी टाक. पण गाडी उन्हात पाहिजे.’’

तेव्हापासून कार्ट उन्हात असते आणि तिची वाट बघणारे ज्येष्ठ गुलमोहराखाली. आजी एकदा स्पष्ट बोलल्या, ‘‘अहो, तुमची बॅटरी भरली असेल, पण मी वाळले!’’ काकांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं प्रशंसा म्हणून घेतलं.

मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर. काकांनी ग्रुपवर आमंत्रण टाकलं: आज आपली कार्ट विक्रम करणार. आम्ही टोप्या घालून जमलो. क्लॅम्प मीटर लागला, काकांनी गुणाकार केला आणि चेहरा पडला. ५४० सोडाच, साडेचारशेसुद्धा भरेनात. दोष पॅनेलचा नव्हता. त्याच्यावरचा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेला असतो, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का ताकद घटते. त्या दुपारी पॅनेलवर पापड भाजला असता.

‘‘ऊन मेचं आणि हवा डिसेंबरची पाहिजे,’’ काका म्हणाले, आणि कामचुकार फिटरकडे बघावं तसं त्यांनी सूर्याकडे बघितलं.

वार्षिक सभेत खजिनदारांनी हिशेब मागितला. काका याचीच वाट बघत होते. दिवसाला दोन युनिट, बारा रुपये दराने चोवीस रुपये. पावसाळा आणि ढगाळ दिवस वगळून वर्षाला अडीचशे दिवस, म्हणजे सहा हजार. खर्च बेचाळीस हजार.

‘‘म्हणजे वसूल व्हायला सात वर्षं?’’

‘‘बरोबर. आठव्या वर्षापासून फुकट!’’

‘‘काका, बॅटऱ्याच पाच वर्षं टिकतात.’’

‘‘अर्धवट चार्ज ठेवल्या तर. शिशाच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. रोज उन्हाने थोडं थोडं भरत राहिलं की ते धरत नाही, आयुष्य वाढतं. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं तर आणखी.’’

मुद्दा पटण्यासारखा होता. शिवाय डिस्टिल्ड वॉटर ते स्वतः घालतात, दर रविवारी, चष्मा कपाळावर चढवून, सहाही बॅटऱ्यांचं एकेक झाकण उघडून. हे काम दुसऱ्या कोणाला त्यांनी करू दिलेलं नाही.

वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, तरी काका त्या कार्टमध्ये कधी बसत नाहीत. ती शेजारून जाते आणि हे भाजीची पिशवी घेऊन चालत असतात. कोणी हाक मारली, ‘‘या की काका, जागा आहे,’’ तर म्हणतात, ‘‘माझं वजन बहात्तर किलो. उगाच कशाला लोड वाढवायचा?’’ चोवीस रुपये त्यांच्या खिशात जात नाहीत, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. म्हणून कोणी त्यांच्यावर चिडत नाही, फक्त ते दिसले की वाट बदलतात.

सध्या त्यांची नजर लिफ्टवर आहे. लिफ्टचं काउंटरवेट रिकाम्या डब्याहून जड असतं. त्यामुळे रिकामी लिफ्ट वर जाताना आणि गच्च भरलेली खाली येताना वीज परत मिळवता येते, फक्त तसा ड्राइव्ह बसवावा लागतो. शास्त्र चोख आहे. नोटीस बोर्डावर काकांचा प्रस्ताव लागलाय: रहिवाशांनी खाली उतरताना जमून, लिफ्ट पूर्ण भरल्यावरच उतरावं. वर जाताना मात्र लिफ्ट रिकामी पाठवावी आणि आपण जिन्याने जावं.