टीममधला तिसरा

मूट कोर्टाच्या टीममध्ये माणसं तीन. दोघं स्पीकर, तिसरा रिसर्चर. स्पीकर काळा कोट चढवून काल्पनिक न्यायाधीशांपुढे काल्पनिक अशिलाची बाजू मांडतात आणि रिसर्चर शेजारी बसून अडल्यावेळी चिठ्ठ्या सरकवतो. आमच्या बापूने सरकवलेल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर "जेवण कितीला?" एवढंच असायचं.

लॉ कॉलेजच्या प्रत्येक बॅचला एक बापू असतोच. आमचा साताऱ्याकडचा. पाच वर्षांच्या कोर्सला पुण्यात आला आणि पहिल्याच वर्षी त्याला दोन शोध लागले. एक, बार कौन्सिलच्या नियमाने सत्तर टक्के हजेरी लागते, पण मूटला गेलं की आमचं कॉलेज ती देऊन टाकतं. दोन, नोंदणीच्या पैशांत राहणं, जेवण आणि शेवटी एक रात्र गाणंबजावणं हे सगळं धरलेलं असतं. त्यानंतर देशात कुठेही मूट निघाली की बापू "तुम्हाला रिसर्चर लागेल ना?" म्हणत दारात उभा. बोलायची हौस नाही, बक्षिसाची आस नाही, पुन्हा रेल्वेचं आरक्षण तो स्वतः करणार. असा माणूस कोण नाकारेल?

परत आला की हॉस्टेलच्या जिन्यावर त्याचं निकालवाचन चाले. कुठल्या लॉ स्कूलची पार्टी कशी, हा विषय. गुण देण्याची त्याची स्वतःची पद्धत होती. गेट किती वाजता बंद होतं, वॉचमन स्वभावाने कसा आहे, मेसमध्ये रात्री अंडं मिळतं का, आणि शहर किती लांब. शेवटच्या मुद्द्याला सर्वांत जास्त गुण. "पार्टी पैशाने होत नाही रे, भूगोलाने होते," तो म्हणायचा. हैदराबादचं नालसार शामीरपेटला, शहरापासून लांब. पोरांना जायला जागाच नाही, मग ती एकमेकांतच रमतात. कोलकात्याचं सॉल्ट लेकमध्ये, म्हणजे शहरातच. आठ वाजले की निम्मं कॉलेज बाहेर, पार्टीला उरणार कोण? भोपाळचं केरवा धरणाच्या रस्त्यावर, आणि त्या बाजूला वाघ फिरतो. "तिथे वॉर्डनने कडक असायची गरजच नाही," हा बापूचा शेरा.

बेंगळुरूबद्दल त्याचं मत थोडं कडवट होतं. १९८८ मध्ये तिथे पहिली तुकडी बसली, पाच वर्षांच्या नव्या धर्तीच्या कोर्सचा देशभर बोलबाला तिथूनच झाला, हे त्याला मान्य. त्यांच्या स्ट्रॉबेरी फील्ड्स या रॉक स्पर्धेचं नाव तर तो कान पकडून घ्यायचा. पण तिथली मुलं आपल्या कॉलेजला नुसतं 'लॉ स्कूल' म्हणतात. जणू बाकी सगळीकडे शिवणकाम शिकवतात! याचा बापूला भारी राग. मूटमध्ये न्यायाधीशांसमोर कॉलेजचं नाव उच्चारायचं नसतं, टीमचा नुसता कोड सांगायचा असतो. नाव कळलं तर पक्षपात होईल म्हणून. दिवसभर सगळे आपापला नंबर घेऊन समान. संध्याकाळी कोट उतरला की पहिला प्रश्न, "कुठलं कॉलेज?" उत्तर ऐकून समोरच्याची नजर तुमच्यावर थांबते किंवा तुमच्या खांद्यावरून पुढे जाते. क्लॅट या प्रवेशपरीक्षेतला रँक असा रात्री नऊ वाजता लाउडस्पीकरच्या भिंतीशेजारी पुन्हा जाहीर होत असतो. बापूने यावर उपाय काढला होता. तो उलट विचारायचा, "तुमच्याकडे गेट कितीला बंद होतं?" भल्याभल्यांचा रँक तिथे उतरायचा.

मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला त्याने गुणच दिले नाहीत. १८५५ चं कॉलेज, डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते, सगळं कबूल. पण तास भल्या सकाळी, आणि ते संपले की मुलं चर्चगेटवरून थेट फोर्टातल्या कुठल्यातरी सॉलिसिटरच्या ऑफिसात. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर भेटतात तेव्हाही कोण कुणाच्या चेंबरला लागला याचीच चर्चा. "ती पार्टी नाही, ती पायरी आहे," असं म्हणून बापूने फाइल बंद केली. आणि गांधीनगर? राज्य १९६० पासून कोरडं. तिथली रात्र बापूला मनापासून आवडली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून सगळ्यांना सगळं आठवत होतं.

तसं कोरडेपणाचं त्याला वावडं नव्हतंच. महाराष्ट्रात कडक दारू प्यायला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि कोर्स संपतो तेविसाव्या वर्षी, हे त्याने पहिल्या सत्रातच हेरलं होतं. पुढे सनद घेताना फॉर्मवर गुन्ह्यांचा रकाना असतो, या भीतीने देशभरच्या पार्ट्यांत तो एकच लिंबू सोडा धरून उभा असे. पण धरलेल्या ग्लासाइतकाच न धरलेल्या ग्लासाचा त्याचा अभ्यास दांडगा. बाकीचं संविधान कोरं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९, त्यावरचा १९५१ चा बलसारा खटला मात्र तोंडपाठ. त्या पारशी गृहस्थाने व्हिस्की-ब्रँडीबरोबर यू-डी-कोलोन बाळगण्याचाही हक्क मागितला, आणि सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतेक उचलून धरला तरी औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं त्यातून सोडवली, हे तो डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू नको हा डिसेंबर २०१६ चा निकाल आला, तेव्हा केरळातल्या एका बारने दारापुढे भूलभुलैया बांधून अंतर वाढवलं होतं. बापूच्या मते स्वातंत्र्योत्तर भारतातला तो सर्वोत्तम कायदेशीर युक्तिवाद.

त्याचा सर्वांत खोल सिद्धांत वेगळाच होता. मूटमध्ये प्राथमिक फेऱ्या झाल्या की संध्याकाळी पुढे गेलेले आठ संघ जाहीर होतात. याला 'ब्रेक होणं' म्हणतात. पार्टी त्याच रात्री. जे ब्रेक झाले ते समोरच्या टीमचं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, घेऊन खोलीत कोंडून घेतात. जे हरले ते नाचतात. म्हणजे एखाद्या लॉ स्कूलच्या पार्टीची कीर्ती देशभर पोचवतात ते सगळे हरलेले. जिंकणाऱ्याला नुसता खिडकीतून ठोका ऐकू येतो. "आपण नववं यावं," बापू प्रवासात आम्हाला समजावायचा. "लाज जात नाही आणि रात्रही वाया जात नाही." त्याचा आशीर्वाद बहुतेक फळायचा. कधीकधी आम्ही विसावे यायचो.

मग ती मूट आली. कॉलेजचं नाव सांगत नाही, पण बापूच्या यादीत ते न पाहिलेलं तीर्थ होतं आणि तिथल्या रात्रीची वर्णनं त्याने वर्षभर गोळा केली होती. मूटचा प्रश्न हाती आला तेव्हा आमची पहिली स्पीकर, नगरची, नुसतं हसली. एका काल्पनिक राज्याने दारूबंदी केली होती आणि एक हॉटेलमालक कोर्टात गेला होता.

बापू आतल्या आत हेलावला. नववं यायचं धोरण एकीकडे, बलसारा दुसरीकडे. रिसर्चरच्या लेखी परीक्षेला नेहमी तो वीस मिनिटांत पेपर टाकून मेस बघायला जायचा. यंदा पुरवणी मागताना दिसला. प्राथमिक फेरीत न्यायाधीशांनी विचारलं, "दारू विकण्याचा मूलभूत हक्क आहे का?" नगरची अडखळली. बापूकडून चिठ्ठी आली. तिच्यावर खोडे डिस्टिलरीज, १९९५, आणि हक्क का नाही याची तीन कारणं, सुवाच्य अक्षरात. आम्ही हॉटेलमालकाच्या बाजूने होतो. मग दुसरी चिठ्ठी आली, त्यातून सुटायचं कसं याची.

संध्याकाळी नावं जाहीर झाली तेव्हा बापू ग्लास शोधत होता. आम्ही पाचवे होतो. त्याने हरकत घ्यायचा प्रयत्न केला. गुणांची बेरीज पुन्हा करा, असं आयोजकांना म्हणणारा वर गेलेला संघ त्यांनी प्रथमच पाहिला असावा. रात्रभर तो तिसऱ्या मजल्यावर राज्याच्या बाजूचं मेमोरियल वाचत बसला, खालून ठोका येत होता, आणि दर गाण्याला तो मान न उचलता सांगत होता, "हे बेंगळुरूला पण लावलं होतं." दुसऱ्या दिवशी आम्ही उपांत्य फेरीत पडलो. त्याला उत्कृष्ट रिसर्चरचं प्रमाणपत्र मिळालं.

पुण्यात आल्यावर जिन्यावर ज्युनियर जमले. "बापूदादा, तिथली पार्टी कशी असते?" बापूने निकाल राखून ठेवला.

प्रमाणपत्र घरी गेलं. आईने ते देवघराशेजारी टांगलं आणि गल्लीत सांगितलं, बापू दारूच्या केसमध्ये होता, थेट सेमीफायनलपर्यंत गेला. शेजारच्या काकूंनी हातातलं काम टाकून विचारलं, "मग जामीन झाला का?"