सुडोभाऊ

स्वतःचा लॅपटॉप चार दिवस सुरळीत चालला की सुडोभाऊंना चैन पडत नाही. मग ते दुसऱ्याचा मागतात. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते आता पोस्टमनच्याही लक्षात नाही. महत्त्वाच्या आज्ञेआधी ‘सुडो’ लिहून यंत्राकडून सर्वाधिकार मागायचे, हा लिनक्सचा रिवाज. भाऊ तो लोकांच्या घरातही पाळतात. फक्त मागायचं तेवढं विसरतात.

उबुंटू हा लिनक्सचाच एक अवतार. त्याची नवी आवृत्ती दर एप्रिलला आणि ऑक्टोबरला येते. त्यातली सम वर्षाच्या एप्रिलची दीर्घ मुदतीची; तिला पाच वर्षं सुरक्षा-अपडेट मिळत राहतात. आमच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या लॅपटॉपवर २०२२च्या एप्रिलची २२.०४ होती. म्हणजे २०२७पर्यंत काळजी नव्हती. मास्तरांना पेन्शनचा हिशेब, नातवाचे फोटो आणि भजनं, एवढंच लागे. पण भाऊंनी एकदा तो लॅपटॉप पाहिला.

“मास्तर, अहो २४.०४ येऊन जुनी झाली! तुम्ही अजून बावीसवरच?”

मास्तर ओशाळले. यजमानाला ओशाळवलं की अपग्रेडचा निम्मा गड सर होतो.

“अर्ध्या तासाचं काम,” म्हणत भाऊ दुपारच्या चहाला बसले. पॅकेजं उतरली, जुनी निघाली, नवी बसू लागली. लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटलेला. नेमकी तेव्हाच काकूंना चटणी वाटायची होती आणि प्लग एकच. मिक्सर सुरू झाला, लॅपटॉप बंद पडला.

पुन्हा चालू केला, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: कर्नल पॅनिक. रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, अननोन ब्लॉक शून्य-शून्य. मास्तरांना घाम फुटला. काकूंनी चटणी तशीच ठेवली. भाऊंनी मात्र बाह्या सरसावल्या आणि मैफलीत समेवर द्यावी तशी दाद दिली, “वा!”

निदान त्यांनी क्षणात केलं आणि ते अचूक होतं. नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, डिस्कवर येऊन बसला होता, पण सुरुवातीला त्याची डिस्कशी गाठ घालून देणारी इनिटरॅमएफएस तयार व्हायच्या आत वीज तुटली. अशा वेळी उपयोगी पडावा म्हणूनच जुना कर्नल काढून टाकलेला नसतो. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जायचं, जुना कर्नल रिकव्हरी मोडमध्ये सुरू करायचा आणि अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करायची. हे सगळं भाऊंनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. मग म्हणाले, “पण आपण मुळापासूनच करू.”

मुळापासून म्हणजे काय, ते रात्री कळलं. भाऊंनी घरून पेनड्राइव्ह आणला, त्यावरून लाइव्ह उबुंटू सुरू केलं, आतली डिस्क माउंट केली, डेव्ह, प्रोक आणि सिस बाइंड केले आणि सीएचरूट करून ते आत शिरले. पॅकेजं बसवणारं डीपीकेजी कामाला लागलं आणि मध्येच थांबून त्याने विचारलं, की ही कॉन्फिगरेशनची फाइल मेंटेनरची घ्यायची की सध्याची ठेवायची? भाऊंनी मान वळवली.

“मास्तर, मेंटेनरची घेऊ की तुमची ठेवू?”

“माझी कोणती?” मास्तरांचा आवाज खोल गेला होता.

“तेच तर! तुम्ही काही बदललेलंच नाही. मग मेंटेनरची घेऊ.” आणि त्यांनी वाय दाबला.

इनिटरॅमएफएस नव्याने तयार झाली, ग्रब अपडेट झालं. जेवणं उरकून बराच वेळ झाल्यावर लॅपटॉप उठला. फोटो जागेवर, हिशेब जागेवर, भजनंही जागेवर. भाऊंचा चेहरा पडला. इतक्यात मास्तर म्हणाले, “वायफाय दिसत नाही हो.” भाऊ पुन्हा खुर्चीत बसले. काकूंनी चौथ्यांदा चहा टाकला.

आता चेष्टा पुरे. पडद्यावर चार ओळींचा एरर आला की आपण न वाचता ‘ओके’ दाबून मोकळे होतो. भाऊ त्या ओळी शेवटपर्यंत वाचतात. दुकानात गेलं की पहिला शब्द निघतो ‘फॉरमॅट’. भाऊंच्या तोंडून तो कधी निघत नाही. शिवाय पैशाचं नाव नाही. असा माणूस आपल्या इमारतीत असेल तर त्याला जपा, अडचणीत बेलाशक बोलवा. अपग्रेडआधीचा बॅकअप मात्र तुमचा तुम्हीच घ्या. त्या कामात काही बिघडत नाही, त्यामुळे भाऊंना त्यात रस नसतो.