कार्बाइड गन बनवणाऱ्या हौशी कारागिरास

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपली रीत. तुमच्या बाबतीत ती मला पाळवत नाही.

२०२५च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा आणि आसपास तुमची कला, म्हणजे ही नळीची बंदूक, दीडशे-दोनशे रुपयांना रस्त्यावर विकली गेली. विक्री थांबवण्याचे आदेश निघाले होते, तरी. काही दिवसांत मध्य प्रदेशात शंभराहून जास्त जण, त्यातली बहुतेक पोरं, भाजलेले डोळे घेऊन रुग्णालयांत पोचले. काहींची नजर गेली.

तुम्ही म्हणता, मी तर गंमत म्हणून बनवली आणि व्हिडिओ टाकला. तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. लायटर दाबताना तुमचा हात लांब ताणलेला आहे, डोळे मिटलेले, मान मागे वळलेली. म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

कार्बाइडच्या खड्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन सुटतो. वेल्डिंगवाला लोखंड कापतो तोच. हवेत थोडा मिसळला तरी पेटतो, भरपूर मिसळला तरी पेटतो. आणि कधी कधी लगेच पेटत नाही. लायटर दाबला, आवाज नाही. मोठा माणूस नळी खाली ठेवून लांब जाईल. आठ वर्षांचं पोर नळीत डोकावतं. नेमका तेव्हाच बार होतो.

त्यानंतरचं तुमच्या व्हिडिओत नाही. खड्यातला गॅस सुटला की मागे चुना उरतो, पानाला लावतात तोच, पण ताजा आणि कढत. बार होताना तो थेट बुबुळावर बसतो. ॲसिडने डोळ्याचा वरचा थर गोठतो आणि पुष्कळदा ते तिथेच अडतं. चुना अडत नाही, आत झिरपत जातो. पापणी उलटून त्याचे कण काढेपर्यंत डोळा जळतच राहतो. अशा वेळी डोळा आधी वाहत्या पाण्याखाली धरायचा, निदान अर्धा तास, आणि मग दवाखाना गाठायचा. घरचे मात्र पहिल्यांदा रिक्षा शोधायला धावतात. एवढं एक वाक्य सांगायला तुम्हाला जमलं नाही?

माझ्या मामांच्या कोकणातल्या बागेत माकडं हाकलायला अशीच एक नळी आहे. मामा ती कुंपणापाशी नेऊन आभाळाकडे तोंड करून वाजवतात. घरातल्या पोराने हात लावला तर पाठीत धपाटा मिळतो. डोळ्यांदेखत नारळ-आंब्याची नासधूस होते तेव्हा बागायतदार काय करणार, त्याची अडचण मला कळते. तुमची कोणती अडचण होती? पोरं काही तुमच्या पिकावर आली नव्हती.

आता तो व्हिडिओ काढून टाका. आणि ज्या ज्या घरी तुमची नळी गेली आहे, तिथे स्वतः जाऊन ती परत मागा. पुढच्या दिवाळीसाठी म्हणून कुणीतरी ती माळ्यावर जपून ठेवली असेल, शेजारी उरलेल्या खड्यांचा डबा. पावसाळ्यात डबा सर्दावला की आत आपोआप गॅस साठतो. डबा खाली काढाल तेव्हा झाकण घरात उघडू नका. अंगणात न्या, आणि देवघरात दिवा लागलेला असेल तर आधी तो शांत करायला सांगा.